छेदी जगन यांची ओळख ‘भारतीय वंशाचे’ एवढ्यावरच थांबू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण अमेरिकेतल्या गयाना या देशाची बातमी आपल्याकडे येते ती क्रिकेटमुळे, नाहीतर अलीकडे तिथे सापडलेल्या तेलामुळे. त्यात डॉ. छेदी जगन यांचं नाव आलंच, तर ‘भारतीय वंशाचे माजी राष्ट्राध्यक्ष’ एवढं लिहून वाक्य पुढे जातं. मी मिरजेत चाळीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला. जगनही दंतवैद्य होते, हे कळल्यावर कुतूहलाने त्यांच्याविषयी वाचत गेलो. त्या चार शब्दांत या माणसावर अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

बर्बीस भागातल्या पोर्ट मोरंट या ऊसमळ्यावर 22 मार्च 1918 रोजी त्यांचा जन्म झाला. क्रिकेट जाणणाऱ्यांना हे गाव परकं नाही. वेस्ट इंडीजचा फलंदाज रोहन कन्हाय तिथलाच, आणि सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते त्याच्यावरूनच. जगन यांचं घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातलं, गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेलं. आईनेही मळ्यात राबून घर चालवलं. अकरा भावंडांत छेदी थोरले. शिकागोत दंतवैद्यकी शिकून ते 1943 मध्ये परतले. त्याच वर्षी जॅनेट रोझेनबर्ग या अमेरिकन ज्यू तरुणीशी त्यांनी लग्न केलं होतं. जॉर्जटाउनच्या त्यांच्या दवाखान्यात परिचारिकेचं काम त्याच करत. पुढे 1997 मध्ये त्याही देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

जून 1948 मध्ये एन्मोर मळ्यावर ऊसतोड मजुरांचा संप चालू होता. तोडलेला ऊस तिथल्या कालव्यांतल्या होड्यांवर मजुरांनीच चढवायचा, ही सक्ती त्यांना नको होती. पोलिसांनी गोळीबार केला, पाच मजूर गेले. जगन अंत्ययात्रेच्या पुढे चालले. आयुष्य या लोकांसाठी द्यायचं हे त्या दिवशी मनाशी ठरवलं, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलं आहे. आमच्या भागात ऊस तोडून, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीत चढवणारी माणसं दर हंगामात दिसतात. त्यामुळे त्या संपाचं कारण मला समजावून सांगावं लागलं नाही.

गयाना तेव्हा ब्रिटिश वसाहत होता. एप्रिल 1953 मध्ये प्रौढ मतदानावर पहिली निवडणूक झाली. जगन आणि आफ्रिकी वंशाचे बॅरिस्टर फोर्ब्स बर्नहॅम एकाच पक्षात होते. त्या पक्षाने 24 पैकी 18 जागा जिंकल्या. सरकार टिकलं 133 दिवस. चर्चिल यांच्या सरकारने साम्यवादाचं कारण पुढे करून राज्यघटना स्थगित केली, सैन्य उतरवलं. तेव्हा जगन आणि बर्नहॅम दाद मागायला लंडनला आणि तिथून भारतात आले, नेहरूंना भेटले. ते दोघे एकत्र होते, ही गोष्ट मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते. दोनच वर्षांत पक्ष फुटला, आणि फूट हळूहळू वंशाच्या रेषेवर जाऊन बसली. भोजपुरीतला ‘आपन जात’ हा शब्द तिथल्या निवडणुकांत रुजला. मत आपल्याच माणसाला, हा त्याचा अर्थ आपल्या वाचकांना सांगायला नको. जगन यांच्या पक्षाला त्याचा फायदा झाला, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं.

1961 मध्ये जगन पुन्हा जिंकले आणि वॉशिंग्टनला जाऊन केनेडींना भेटले. दुसरा क्युबा होईल या भीतीने अमेरिकेने ब्रिटनवर दबाव आणला. 1963 मध्ये 80 दिवसांचा सार्वत्रिक संप झाला, त्यामागे सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा पैसा होता. पुढच्या वर्षी दंगली पेटल्या. विस्मार या गावात भारतीयांची घरं जाळली गेली, मग आफ्रिकी प्रवाशांनी भरलेल्या ‘सन चॅपमन’ बोटीवर स्फोट झाला. दोघांचेही पूर्वज उसाच्या मळ्यांवरच राबलेले!

दरम्यान ब्रिटनने मतदानाची पद्धतच बदलून प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, आणलं. जुनी पद्धत निर्दोष नव्हती. 1961 मध्ये जगन यांच्या पक्षाला सुमारे 43 टक्के मतांवर 35 पैकी 20 जागा मिळाल्या होत्या, तर बर्नहॅम यांना 41 टक्क्यांवर फक्त 11. पण हा बदल न्यायासाठी नव्हे, एका माणसाला हटवण्यासाठी झाला. डिसेंबर 1964 मध्ये जगन यांना सर्वांत जास्त मतं मिळाली, तरी सत्ता बर्नहॅम यांच्या आघाडीकडे गेली. 1966 मध्ये स्वातंत्र्याचा झेंडा फडकला तेव्हा जगन विरोधी बाकावर होते.

त्या बाकावर ते 28 वर्षं बसले. मधल्या निवडणुका उघड उघड लुटल्या गेल्या. 1973 मध्ये बर्बीसमध्ये मतपेट्यांवरून झालेल्या संघर्षात दोन तरुण लष्कराच्या गोळीला बळी पडले. तरीही जगन दर वेळी मतपेटीकडेच परत आले. मॉस्कोवरची त्यांची श्रद्धा मला पटत नाही. त्या हट्टाने त्यांनी विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं. पण लोकशाहीची भाषा करणारे देश तिकडे निवडणुका लुटू देत होते, आणि ज्यांना ते लोकशाहीचा शत्रू म्हणत तो माणूस स्वच्छ मतमोजणी मागत होता. 1990 मध्ये केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी जगन यांच्यासमोर जाहीर कबुली दिली, की तुमच्यावर मोठा अन्याय झाला.

ऑक्टोबर 1992 मध्ये जिमी कार्टर यांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली आणि वयाच्या 74व्या वर्षी जगन राष्ट्राध्यक्ष झाले. पंतप्रधान म्हणून त्यांनी सॅम हाइंड्स या आफ्रिकी वंशाच्या सहकाऱ्याला निवडलं. मार्च 1997 मध्ये जगन गेले तेव्हा राष्ट्राध्यक्षपद हाइंड्स यांच्याकडेच गेलं. जगन यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते पोर्ट मोरंटजवळच.

‘भारतीय वंशाचे’ म्हणून आपण ज्या माणसाचा अभिमान बाळगतो, त्याचं राजकारण ज्या भिंतीवर आपटून फुटलं ती वंशाचीच भिंत होती. म्हणून त्यांना त्याच एका शब्दात बसवणं मला खटकतं. आपल्या रविवार पुरवणीत परदेशी नेत्यांवर चांगले लेख येतात. येत्या 22 मार्चच्या सुमारास जगन यांच्यावर अर्धं पान द्यावं, आणि त्यात एन्मोरचे पाच मजूर व 1953 सालचे बर्नहॅम यांनाही जागा मिळावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त दंतवैद्य, मिरज