हरवलेली रेंज आधी शोधा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत गाडीच्या रिमोटची रेंज वाढवण्याच्या युक्त्या आल्या होत्या. रिमोट हनुवटीला टेकवून बटण दाबलं की गाडी लांबून उघडते, ही त्यातली पहिली. युक्ती खरी आहे, मी स्वतः करून पाहिली आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितोच. पण ते वाचून आमच्या आळीतले तिघे जण माझ्याकडे आले आणि तिघांच्याही गाड्यांचं दुखणं भलतंच निघालं. त्यांची रेंज वाढवायची नव्हती, होती ती कुठेतरी गेली होती. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण जमल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी चिपळूणला १९८४ पासून रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवलं. पुढे टेप गेले, गाड्यांचे स्टिरिओ आणि सेंट्रल लॉक आले, तीही कामं केली. आता दुकान बंद आहे, पण मीटर आणि सोल्डरिंग आयर्न घरच्या टेबलावर अजून असतं.

माझी धाकटी मुलगी नर्स आहे. दुपारपाळी रात्री साडेनऊला सुटते. रुग्णालयाच्या मागे पत्र्याच्या शेडजवळ गाड्या लावतात आणि तिथला दिवा महिन्यातले पंधरा दिवस बंद असतो. फाटकापाशी उभं राहून बटण दाबायचं, गाडीचे चारही इंडिकेटर लागले की त्या उजेडात आसपास कोणी आहे का बघायचं आणि मगच पुढे जायचं, ही तिची सवय. जूनच्या शेवटी एकदा चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, हल्ली अगदी दाराशी जाऊन चार-चार वेळा दाबावं लागतं. तोवर भिजायला होतं." तिने सहज सांगितलं, माझ्या मात्र पोटात गोळा आला. जवळच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात तिने विचारलं होतं. "पूर्ण किट बदला, साडेतीन हजार, आणि सोबत बूस्टर लावून घ्या," असं उत्तर मिळालं होतं.

आमची गाडी २०१३ ची, साधं मॉडेल, जुनी घेतलेली. सेंट्रल लॉक कंपनीचं नाही, आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेलं. रविवारी सकाळी गाडी समोरच्या पटांगणात लावली, खडूने रेघ मारली आणि पावलं मोजली. चार. पाचव्या पावलावर गाडी मुकी.

रिमोट उघडला. आत सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल. मीटर लावला तर २.९८ व्होल्ट. इथेच बहुतेक जण फसतात आणि सेल चांगला आहे म्हणून परत बसवतात. सेल जुना झाला की त्याचा आतला अडथळा वाढतो. नुसता मीटर लावला तर सेलमधून जवळपास करंटच जात नाही, त्यामुळे व्होल्टेज भरलेलं दिसतं. टाकीत पाणी दिसावं आणि नळ सोडला की करंगळीएवढी धार यावी, तसं. मी सेलच्या दोन टोकांना २२० ओहमचा रेझिस्टर धरला, म्हणजे बटण दाबल्यावर लागतो साधारण तेवढा करंट ओढला. आकडा उतरत उतरत २.२ वर आला. नवा सेल तसाच तपासला, तो २.८५ वर थांबला. नवा बसवला, पुन्हा रेघेवरून चालत गेलो. अकरा पावलं.

सुधारणा झाली, पण पूर्वी फाटकापासून चालायचं, ते अंतर पस्तीस पावलं तरी असेल. म्हणजे अजून काही होतं.

मुलीने वर्षापूर्वी गाडीत छोटा कॅमेरा लावला आहे, गाडी उभी असतानाही चित्रण करणारा. त्याला बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करून देणारी एक स्वस्तातली डबी चोवीस तास चालू असते. असल्या डब्यांतून रेडिओलहरींचा कचरा बाहेर पडत असतो. जुन्या वाचकांना आठवत असेल, ट्यूबलाइटची चोक बिघडली की रेडिओवर खरखर यायची. इथे खरखर ऐकायला माणूस नाही, गाडीतला रिसीव्हर आहे, आणि त्या गोंगाटात त्याला रिमोटचा बारीक आवाज ऐकू येत नाही. डबीची वायर काढली. एकोणीस पावलं. बाजारातल्या काही स्वस्त एलईडी दिव्यांमुळेही असंच होतं.

राहिली अँटेना. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा १७ सेंटिमीटर. बाहेरून बसवलेल्या किटच्या डब्यातून एवढ्याच लांबीची एक एकेरी वायर लोंबत असते, तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नसतं. त्यामुळे ती बिनकामाची वाटते. ती अँटेना आहे. आमच्या गाडीत कोणीतरी स्टिरिओ बसवताना तिचं भेंडोळं करून, बाकीच्या वायरिंगच्या जुडग्यात घालून, डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीला टाय मारून आवळून टाकली होती. टॉर्च तोंडात धरून, पाठीवर झोपून मी तो टाय कापला. वायर सरळ केली, पत्र्यापासून लांब नेऊन डॅशबोर्डच्या प्लास्टिकला आतून चिकटपट्टीने लावली. छत्तीस पावलं.

खर्च झाला तो एका सेलचा. डबीऐवजी चांगली घ्यायची आहे, ती वेगळी. कोणी अँटेना वाढवायला म्हणून दोन फूट वायर जोडेल, तर तसं करू नये. लांबी लहरीच्या हिशेबाने ठरलेली असते, जास्त केली की फायदा होईलच असं नाही, उलट नुकसानही होतं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्याकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आल्या, काही विकल्या गेल्या. अशी गाडी असेल आणि रिमोट कधी चालतो कधी नाही असं होत असेल, तर सॉकेटमधल्या पिना आणि बॉडीला घेतलेली अर्थची वायर आधी बघावी. त्यावर हिरवट बुरशीसारखा थर असतो. तो काढल्याशिवाय बाकी सगळी खटपट वाया.

आता शेजारच्या निवृत्त गुरुजींची गोष्ट. त्यांची गाडी कंपनीच्याच रिमोट चावीची. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं की चावी खराब झाली, नवीन घ्या, साडेनऊ हजार. पेन्शनीतले साडेनऊ हजार! चावी उघडली तर आत सीआर २०२५. त्याचा व्यास तोच, पण जाडी २.५ मिलिमीटर. जिथे २०३२ हवा तिथे हा बसवलेला, आणि तो सैल राहू नये म्हणून मागे एसटीच्या तिकिटाची घडी. पावसाळ्याच्या दमट हवेत ती घडी ओली झालेली, पितळी पत्ती काळी पडलेली. खोडरबराने पत्ती घासली, मोबाईलवाले वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, स्प्रिंग अगदी केसभर वर उचलली, योग्य सेल घातला. गुरुजींची गाडी आता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उघडते. त्यांना दिलेला सल्ला अज्ञानातून होता की आणखी कशातून, हे मी म्हणणार नाही. पण चावी उघडून बघायला पाच मिनिटं लागतात, आणि गिऱ्हाइकाला साडेनऊ हजार सांगण्याआधी ती पाच मिनिटं द्यायलाच हवीत.

सेल काढला की कोडिंग जातं, ही भीती बाजारात पसरलेली आहे. बहुतेक रिमोटमध्ये कोड सेल काढूनही राहतो. फक्त नव्या सेलच्या सपाट बाजूंना बोटं लावू नयेत, कडेने धरावा. आणि चकचकीत धातूची कव्हरं चावीवर चढवू नयेत. चावीची अँटेना म्हणजे आतल्या प्लेटच्या कडेने फिरवलेली तांब्याची रेघ, तिच्याभोवती धातू आला की लहर तिथेच गुदमरते. सिलिकॉनचं कव्हर चालतं. मुठीत घट्ट आवळून दाबण्यापेक्षा दोन बोटांत धरून, हात उंच करून दाबलं तर फरक लगेच कळतो.

हनुवटीची युक्ती याच्याच पुढची. माणसाच्या डोक्यात पाणी भरपूर, आणि ते क्षारयुक्त. रिमोट टेकवला की डोकं त्या छोट्या अँटेनाला जोड देतं, शिवाय उंचीही मिळते. आमच्या गाडीला छत्तीसची पंचेचाळीस पावलं झाली. पाण्याने भरलेल्या बाटलीला रिमोट टेकवूनही परिणाम साधतो. डोक्याला अपाय होईल का, असं गुरुजींनी विचारलं. रिमोटची शक्ती मोबाईलच्या मानाने नगण्य असते आणि तीही बटण दाबल्यावर क्षणभर. कानाला मोबाईल लावून तासभर बोलणाऱ्याने याची काळजी करू नये.

पण चार पावलांवर आलेल्या गाडीला ही युक्ती लावली तर पाच होतील, आणि आठ दिवसांनी सेल पूर्ण बसेल. तेही नेमका रात्री साडेनऊला, पावसात. पुरवणीतल्या लेखात हे यायला हवं होतं.

बूस्टरबद्दल स्पष्टच लिहितो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते, जमिनीलगत तर त्याहूनही जास्त. शिवाय या लहरींवर विनापरवाना चालायला मुभा आहे ती कमी शक्तीच्या उपकरणांनाच. याच पट्ट्यात बिनतारी बेल आणि गेटचे रिमोटही चालतात, एकाने आवाज चढवला तर शेजाऱ्याचं काम बंद पडतं. साडेतीन हजारांच्या किटबरोबर जो 'बूस्टर' देऊ करत होते, तो मी जाऊन बघितला. ती नुसती वेटोळ्याची वायर होती.

ज्यांच्या गाड्या चावी खिशात असली की आपोआप उघडतात, बटणाने चालू होतात, त्यांनी रेंज वाढवायच्या नादी अजिबात लागू नये. तिथे गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हलकी हाक मारते, एक-दोन मीटरवरची चावी ती ऐकते आणि उत्तर देते. चोर दोन यंत्रं घेऊन येतात, एक गाडीपाशी, एक घराच्या दारापाशी, आणि ती हाक ताणून आत खुंटीला टांगलेल्या चावीपर्यंत पोचवतात. गाडीला वाटतं मालक आला. अशी चावी रात्री दारापासून लांब, झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. डब्यात ठेवूनही गाडी उघडते का, हे डबा गाडीजवळ नेऊन एकदा तपासावं. या चाव्यांचा सेल पूर्ण गेला तरी घाबरू नये. चावीच्या पोटात दाराची साधी चावी लपवलेली असते, आणि बहुतेक गाड्यांत चावी स्टार्टच्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवली की गाडी सुरू होते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. माझी नात पावणेदोन वर्षांची आहे. जुना सेल मी टेबलावर ठेवला आणि वळून बघतो तर तिने तो उचलला होता. तोंडात जाण्याआधी हातात आला. असा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. फुटून नव्हे, ओलसर जागी करंट वाहू लागून. गाडीसाठी निकामी झालेल्या सेलमध्येही त्यापुरता जोर असतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालयात न्यावं. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी गुंडाळावी, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा आणि ई-कचऱ्यात द्यावा.

गाड्या विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे. वर्षाच्या सर्व्हिसिंगला ऑइल, ब्रेक, हवा तपासता, तसा चावीचा सेलही करंट ओढून तपासा. त्याचा नंबर आणि बदलल्याची तारीख बिलावर मराठीत लिहा. आणि आपण, संपादक महोदय, पुढच्या वेळी अशा युक्त्या छापाल तेव्हा सुरुवात सेलपासून करावी.

मुलीचा रिमोट आता फाटकापासून चालतो. शेडजवळचा दिवा मात्र परवापर्यंत बंदच होता. त्यासाठी तिने आणि तिच्याबरोबरच्या नर्सनी सह्यांचा अर्ज दिला आहे. त्याची पोच मिळाली आहे, दिवा लागला की आपल्याला कळवीन.

आपला,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, चिपळूण