आक्का, गोळीची वेळ चुकवू नकोस

ऑक्सफर्ड,
रविवार, रात्र

प्रिय आक्कास,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मी बरी आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे आईला वाचून दाखवताना तुला इथंच थांबता येईल. घरात हीटर आहे, दोन्ही वेळा जेवते, आणि व्हिडिओवर वाळलेली दिसते ती खिडकीच्या उजेडानं. ड्युटीचं तुला सगळं ठाऊक आहे.

परवा फोनवर तू विचारलंस, दाजींना मॉर्फीन (कळ मारणारं जालीम औषध) सुरू केलं म्हणजे आपण हात टेकले का, आणि प्रार्थनेला येणाऱ्या बायका म्हणतात तसा आपला विश्वास कमी पडला का. मी घाईत होते. आता नीट सांगते. दोन्हीचं उत्तर नाही असंच आहे.

दाजींचा आजार स्वादुपिंडाचा, आणि त्याच्या मागेच नसांचं जाळं असतं. म्हणून त्यांचं दुखणं पोटातून पाठीत आरपार जातं, उताणं झोपलं की वाढतं आणि पुढं वाकून बसलं की जरा उतरतं. त्या कळेत माणसाला 'प्रभू' एवढा शब्दही धड म्हणता येत नाही. गोळी लागू पडली की दाजी स्तोत्र ऐकू शकतील, छकुलीशी चार शब्द बोलतील. सिसिली साँडर्स बाईंनी १९६७ मध्ये लंडनला पहिलं आधुनिक हॉस्पिस (बरं न होणाऱ्या आजाऱ्यांची शेवटपर्यंत सेवा करणारं ठिकाण) काढलं. बाई पक्क्या ख्रिस्ती होत्या आणि मॉर्फीनच्याही तितक्याच पक्क्या. त्या म्हणायच्या, दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, घरच्या माणसांचं आणि आत्म्याचंही असतं. आणि गोळी कळ उठल्यावर द्यायची नाही, घड्याळ बघून द्यायची.

तेच तुमच्याकडं चुकतंय. "फार दुखलं तर देऊ" म्हणून तुम्ही थांबता, मग कळ डोक्यावर चढते आणि तेवढ्याच गोळीनं उतरत नाही. साध्या गोळीचा असर चार तास राहतो. म्हणून सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्रीची दुप्पट, म्हणजे मध्ये उठवायला लागत नाही. हे डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच हं. मध्येच कळ आली तर सांगितलेला जादा डोस दे आणि वहीत वेळ टाक. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा द्यावा लागला तर ती वही डॉक्टरांना दाखव, ते रोजचा डोस वाढवतील. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून चालू हवं. लघवी कमी झाली, अंग झटके द्यायला लागलं किंवा हाक मारून जागे होईनात, तर पुढची गोळी देण्याआधी फोन कर. मूत्रपिंड थकलं की औषध अंगात साठत जातं.

आता त्या बायकांचं. योहान ९ मध्ये शिष्यांनी हेच विचारलं होतं, कोणी पाप केलं म्हणून हा आंधळा जन्मला. प्रभू म्हणाला, यानंही नाही, याच्या आईबापांनीही नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, "माझी कृपा तुला पुरेशी आहे" एवढंच मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे? दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नुसते शेजारी बसले, तेवढंच त्यांनी बरोबर केलं, तोंड उघडलं आणि बिघडलं. तू त्यांच्याशी वाद घालू नकोस. "प्रार्थना करू का?" म्हणणाऱ्या प्रत्येकीला एक काम सांग. एकीनं डबा, एकीनं चादरी धुवायच्या, आणि महिला मंडळातल्या दोघींनी आळीपाळीनं रात्री २ ते ६ बसायचं. तेवढे चार तास तू दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचंस. तू पडलीस तर दाजींना कूस कोण बदलणार?

तेल लावून प्रार्थना करायला चर्चची वडील मंडळी येणार असतील तर येऊ देत, याकोबाच्या पत्रात ते आहेच. तिघंजण, दहा मिनिटं, हळू आवाजात. प्रभुभोजनाला भाकर गिळता आली नाही तर पाळकसाहेब तांदळाच्या कणीएवढा तुकडा द्राक्षारसात भिजवतील, तेही जमलं नाही तर नुसते ओठ ओले करतील. तेवढं पुरतं.

आणि तुला स्वतःला काय म्हणायचं ते सुचत नाही म्हणालीस. २३वं स्तोत्र घशात अडकत असेल तर ८८वं वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी आभाराची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रातच आहे. गेथशेमाने बागेत प्रभूनंही दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलंच की. इथून बसनं तासाभरावर वाँटेज आहे, पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा तिथं १८८३ मध्ये झाला. नवरा आदल्या वर्षी गेला होता. त्यांना दुःख आधी भेटलं, विश्वास मागून. आपल्याला कोल्हापूरच्या मिशनरी वायल्डर साहेबांच्या शाळेपासून पिढ्यान्‌पिढ्या विश्वास आयता मिळाला, कसाला आत्ता लागतोय. म्हणून पाय लटपटतात, त्यात लाज कसली.

दर दोन तासांनी कूस बदल. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागं उशी घालून थोडं कलतं. पोटरीखाली उशी अशी घाल की टाच गादीला टेकणार नाही. माकडहाडावरची जागा रोज बघ. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून बोटानं चाचपून बघ, आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागली तर समज जखम सुरू होतेय. तिथं तेल चोळू नकोस, आई म्हणाली तरी. आतली कातडी आणखी फाटते. हवेच्या गादीवर एकच सैल चादर, खाली रबर आणि वर गोधडी असं घातलंस तर गादीचा उपयोग शून्य.

खाण्यावरून भांडू नका. दाजींना पांढरा रस्सा हवा असेल तर मिरं न घालता कर, फडक्यातून गाळ, डोकं वर उचलून अर्धा चमचा दे, गिळलेला बघ, मग पुढचा. दोन चमच्यांत मन भरलं तर तेवढंच जेवण. कोणी म्हणेल उपाशी ठेवलंय, सलाईन लावा. शेवटी शेवटी शरीराला ते पाणी पेलत नाही, ते पायांत उतरतं आणि छातीत घरघर वाढवतं. त्याऐवजी एक पेला कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून मऊ फडक्यानं दर दोन तासांनी तोंड पुसायचं, ओठांना व्हॅसलिन.

पुढचं आईसमोर वाचू नकोस. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळट डाग येतील, श्वास मध्येच थांबेल आणि परत सुरू होईल. घशात घरघर होईल. ती ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, त्यांना तेवढा नसतो. कुशीवर वळव. ऐकू येणं बहुतेक शेवटपर्यंत राहतं, म्हणून खोलीत हिशेबाचं बोलू नका. आवडीचं गायन हळू म्हणा.

इथली एक रीत सांगते, माझ्या अजून पचनी पडत नाही. इथं माणूस गेल्यावर माती दोन-तीन आठवड्यांनी होते! आपल्याकडं २४ तासांत कबर खणून तयार. इथं आधी डॉक्टर मृत्यूचा कागद करणार, तो दुसरे डॉक्टर तपासणार (२०२४ पासून सक्तीचं झालंय), मग पाच दिवसांत नोंदणी, मग स्मशानाची तारीख मिळाली की अंत्यविधीची वेळ ठरणार, आणि तोवर माणूस अंत्यविधीवाल्यांकडं थंड खोलीत. घरात कोणी येत नाही. शेजारी दाराच्या फटीतून कार्ड टाकतात. यायचंच असेल तर आधी विचारतात, मंगळवारी चारला आलेलं चालेल का? पहिल्यांदा वाटलं, किती कोरडी माणसं. पण त्या तीन आठवड्यांत घरची बाई कुठली गायनं, कोण वाचणार, कुठला फोटो छापायचा हे निवांत ठरवते. आपल्याकडं तुला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही, म्हणून गायनं आणि वचन आत्ताच दाजींना विचारून वहीत लिहून ठेव. ते सांगतील, मला खात्री आहे.

मातीला माझं पोचणं तसंही होणार नाही. म्हणून मी येईन ती दाजी असताना. पुढच्या महिन्याची ड्युटी लागली की तिकीट काढते, नक्की. ८०,००० पाठवलेत, मंगळवारपर्यंत जमा होतील. गादीचं भाडं, औषधं, रात्री बसणाऱ्यांचा चहा. तिकिटाऐवजी पाठवले असं मनात आणू नकोस.

छकुलीच्या लग्नाची मिरजेच्या मंडळींना घाई आहे आणि आईला लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) लग्न नको, दोघांचंही बरोबर. साखरपुडा दाजींच्या खाटेजवळ उरकून घ्या, दहा माणसांत, दुपारी २ ची गोळी दिल्यावर तासाभरानं. तेव्हा ते सगळ्यात टवटवीत असतील. लग्न ईस्टरनंतर बघू. बांगड्या माझ्याकडून, त्यावर बोलायचं नाही.

मृत्युपत्र केलेलं नसेल तर कायद्यानं तुला एक तृतीयांश आणि बाकीचं मुलांना. घर तुझ्याच नावावर राहावं असं दाजींना वाटत असेल तर सही करता येतेय तोवर करून घ्या. दोन साक्षीदार लागतात, पण ज्याला काही मिळणार त्यानं किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोनं सही केली तर त्याचा वाटा जातो. म्हणून घरातलं कोणी नको. पाळकसाहेब आणि समोरचे सर चालतील. पेन्शन आणि बँकेवर नॉमिनी कोण आहे तेही बघ.

दाजींना माझा सलाम सांग. आईला सांग मी स्वेटर घालते.

तुझी,
धाकटी

ता. क. मॉर्फीन कपाटात कुलपात ठेव, पोरं येतात-जातात. गोळ्या मोजून वहीत आकडा टाक, उरतील त्या दवाखान्यात परत द्यायच्या.