बदली राजस्थानात, सवयी नागपूरच्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे-जून हा बदल्यांचा हंगाम. लष्कर, बँका, रेल्वे आणि आता सौरऊर्जा प्रकल्प यांपायी नागपूरची कुटुंबे जोधपूर, बिकानेर, जैसलमेरकडे निघतात. निघताना 'उन्हाचं आम्हाला काय सांगता!' हे ठरलेले. ते खोटेही नाही. नागपूरने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश पाहिले आहेत, राजस्थानातल्या फलोदीने 19 मे 2016 रोजी 51. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापते दिवस, काढलेल्या माणसाला तीन अंश जड नाहीत. फसगत होते ती दुसरीकडेच, आणि सर्वांत आधी कूलरपाशी.

वास्तविक कोरडी हवा कूलरला मानवते. बाहेर 42 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ओल्या ताटीतून, म्हणजे कूलरच्या बाजूच्या वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक धाग्यांच्या) गादीतून, येणारी हवा 25-26 अंशांपर्यंत उतरते. मात्र कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरचे दार थोडे किलकिले. खरी अडचण पाण्याची. नागपुरात पेंच-कन्हानच्या पाण्यावर चाललेली ताटी तिकडे बोअरच्या खाऱ्या पाण्यावर बघता बघता पांढरी पडते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. 50 लिटरच्या टाकीत उडाले तसे 150 लिटर ओतत गेलात, की टाकीतले क्षार चौपट झाले. मग ताटीवरच्या नळीची भोके बुजतात, अर्धी ताटी कोरडी राहते आणि तेवढ्या भागातून लू थेट अंगावर येते. लोक मोटर गेली म्हणून मिस्त्रीला बोलावतात. मोटर धडधाकट असते.

दर तिसऱ्या दिवशी टाकीचे बूच काढून सगळे पाणी सोडून द्यावे. ते फरशी धुवायला चालेल, कुंड्यांना घालू नये. प्लग काढून पंप अर्धा तास लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवावा, लिटरला 50 ग्रॅम पुरे. भोके दाभणाने मोकळी करावीत. लोखंडी पत्र्याची टाकी असेल तर ती नागपुरातच विकून टाकलेली बरी.

दुसरा घोळ आंधीचा. मे-जूनमध्ये पश्चिमेचे आभाळ पिवळट-तपकिरी दिसू लागले की आधी कूलर बंद, मग खिडक्या. उकडते म्हणून चालू ठेवला तर पंखा धूळ ओढतो, ओल्या ताटीवर तिचा चिखल होतो आणि वाळल्यावर तो वुडवूलमध्ये सिमेंटसारखा बसतो. ताटी काढून आतल्या बाजूने पाइपाचे पाणी मारले तरच तो बाहेर पडतो. बाहेरून मारले की आणखी आत.

मृग लागला की आपण कूलरकडे पाठ फिरवतो. तिकडे तसे नाही. जैसलमेरला पावसाळा यायला जुलै उजाडतो, सप्टेंबरच्या मध्यानंतर तो परतीला लागतो, आणि वर्षाचा पाऊस आपल्या पाचव्या हिश्शाएवढाच. त्यातच उन्हाळ्याच्या तोंडी इंदिरा गांधी कालव्याची नहरबंदी असते, म्हणजे दुरुस्तीसाठी पाणी बंद. मोठा कूलर कोरड्या दुपारी तासाला 10 ते 20 लिटर पाणी पितो. घर भाड्याने घेताना खोल्या मोजण्याआधी टांका, म्हणजे जमिनीतली टाकी, किती लिटरची आहे ते विचारा.

कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. तहानेची वाट पाहू नये; लघवी गडद झाली की उशीर झाला समजा. मुलांचा घोळणा फुटतो. तेव्हा मान मागे टाकण्याची आपली घरगुती रीत चुकीची आहे. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटे दाबून धरावा, मध्ये सोडून पाहू नये.

हिवाळ्याची मात्र कोणीच चौकशी करत नाही. बिकानेर, चुरूकडे पारा शून्यापर्यंत उतरतो, शेतावर पाला, म्हणजे गोठलेले दव, पडतो. त्या दिवसांत येणाऱ्या पावसाला तिकडे मावठ म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचाच, पण आपण त्याला अवकाळी म्हणून शिव्या देतो आणि तिकडचा गहू-मोहरीवाला त्याची वाट पाहतो. जैसलमेर आपल्या पश्चिमेला आठ रेखांशांवर, म्हणून घड्याळ तेच असले तरी सूर्य अर्धा तास मागे. जानेवारीत सकाळी सातलाही अंधार असतो. शाळेच्या मुलांसाठी लोकरी टोपी-हातमोजे तिकडेच घ्या. इथले स्वेटर तिथे नोव्हेंबरपुरते.

– एक वाचक, नागपूर