दुसऱ्या वर्षाचा रकाना

सांगली

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला एकपानी वेबसाइटच्या धंद्याचा प्रस्ताव मी आधी आई म्हणून वाचला, तेव्हा त्यात राजीनाम्याच्या तारखेखेरीज मला काही दिसलेच नाही. म्हणून तो बाजूला ठेवला आणि काही दिवसांनी, तू सांगितले होतेस तसा, बँकेच्या कर्ज विभागात बसल्यासारखा वाचला. रविवारी फोनवर आपले जे झाले त्याविषयी इथे लिहीत नाही. ‘दुसऱ्या वर्षी काय?’ हे पुन्हा विचारणार नाही असे मी तुला कबूल केले आहे, तेव्हा तो प्रश्न या पत्रात येऊ नये असा माझा प्रयत्न राहील.

मला समजले ते असे. ज्याने आजवर वेबसाइटचा विचारही केलेला नाही अशा दुकानदाराने मोबाइलवर पाच-सात साध्या मराठी प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि त्याचे एक पान तयार व्हायचे: नाव, पत्ता, वेळा, चार फोटो, नकाशा, व्हॉट्सॲपचे बटण आणि पैसे घेण्याचा क्यूआर कोड. वर्षाला ४९९ रुपये. कल्पना स्वच्छ आहे. त्याहून मला आवडले ते जोखमींचे प्रकरण. कर्ज मागायला येणारी माणसे त्या ठिकाणी ‘स्पर्धा आहे, परंतु आमचा दर्जा उत्तम आहे’ एवढे एक वाक्य लिहून मोकळी होतात. तू दीड पान लिहिलेस आणि त्यातले एकही वाक्य स्वतःला सांभाळून घेणारे नाही. ते मी तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी काकांशी फोनवर तेच सांगत होते.

आता शेरे लिहिते. २०१६ पासून ‘कार्ड’ (Carrd) नावाची सेवा केवळ एकपानी वेबसाइट बनवून देते, तीन वेबसाइटींपर्यंत फुकट आणि पुढे वर्षाला ९ डॉलरपासून, आणि ती एका माणसाने सुरू केलेली आहे, हा दाखला तू दिला आहेस. तो खरा आहे आणि एकट्या माणसाला हे जमते एवढे त्यातून नक्की सिद्ध होते. परंतु त्या सेवेचा ग्राहक जगभर विखुरलेला आहे, आपले पान आपणच हौसेने सजवणारा आहे आणि अडला तर वाचून मार्ग काढणारा आहे. तुझा ग्राहक गणपती पेठेतला आहे. तो अडला की फोन करील, आणि ४९९ रुपयांच्या ग्राहकाने वर्षात चार वेळा अर्धा-अर्धा तास फोन केला तर त्या खात्यात काय उरते हे तुझ्या तक्त्यात कुठेही आलेले नाही.

दुसरा शेरा गूगलविषयी. गूगल बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीवरून, दुकानदारांना फुकट मिळणारी एकपानी वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाली, याचा अर्थ तू ‘जागा रिकामी झाली’ असा लावला आहेस. तो अर्थ निघू शकतो. परंतु बँकेत एखाद्या गल्लीतले दुकान बंद पडले म्हणून तिथेच तसेच दुकान काढायला कोणी कर्ज मागितले, तर आम्ही आधी विचारत असू की जुने दुकान भाड्यामुळे बंद पडले की गिऱ्हाइकाविना. ज्यांचे पान त्या महिन्यात नाहीसे झाले त्यांच्यापैकी दहा जणांना गाठ आणि एवढेच विचार, की पान गेल्याचे तुम्हाला कधी कळले? ज्याला तू विचारल्यावर कळेल, तो ४९९ रुपये एकदा देईल कदाचित, पण पुन्हा देणार नाही. पाहा, प्रश्न आलाच. येऊ दे.

तिसरा शेरा असा, की प्रस्तावाचा मोठा भाग पान कसे बनेल यावर खर्ची पडला आहे. गेल्या दिवाळीत तूच मला दाखवलेस की एआयला दोन वाक्ये सांगितली की पान तयार होते. मग जे बनवणे इतके सोपे झाले आहे त्यासाठी लोक पैसे देतील, की ते सांभाळण्यासाठी देतील? वेळ बदलली, फोन बदलला, भाव बदलला की पान बदलावे लागते, आणि दुकानदाराला नेमका तेवढाच कंटाळा असतो.

यावरून मला बाबांच्या छापखान्याची खतावणी काढावीशी वाटली. २०१९ च्या पुरात कागदाची रिमे गेली, मशीन गेले, पण वह्या माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या. आम्ही दोघे दुपारभर त्या चाळत बसलो. व्हिजिटिंग कार्डे छापून घेणारी माणसे एकदा हजार कार्डे नेतात आणि मग त्यांचे नाव वहीत वर्षानुवर्षे येत नाही; आले तर फोन नंबर बदलला म्हणून किंवा भागीदारी मोडली म्हणून. बिलबुके नेणारी माणसे मात्र दर दोन-तीन महिन्यांनी येतात, कारण बिलबुक संपते. छापखाना चालला तो बिलबुके, पावतीपुस्तके आणि डॉक्टरांच्या पाकिटांवर. कार्डांवर नव्हे, जरी काचेत मांडलेली होती ती कार्डेच. तुझे पान आज तरी व्हिजिटिंग कार्ड आहे. त्यात संपणारे काहीतरी घाल. खानावळीचा रोजचा बेत, क्लासच्या नव्या तुकड्या, रोपवाटिकेतल्या रोपांचे या आठवड्याचे भाव, बेदाण्याचा हंगाम. ज्या धंद्याचे पान आठवड्याला शिळे होते तोच तुझ्याकडे परत येईल. सलूनवाल्याच्या पानावर वर्षभर काहीच बदलणार नाही, आणि तुझ्या पहिल्या पन्नास ग्राहकांच्या यादीत सलूनच जास्त आहेत.

वह्या चाळताना १९९९ ची वही हाती आली. तुला ते वर्ष आठवत असेल तर ते फक्त पत्रकांच्या ढिगांवर बसण्यापुरते आठवत असेल. छपाईचे मिनी ऑफसेट मशीन त्या वर्षाच्या सुरुवातीला कर्जाने घेतले आणि सप्टेंबरमध्ये लोकसभा व विधानसभा दोन्ही निवडणुका एकदम आल्या. रात्री दोनपर्यंत मशीन चाले. कायद्याने प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे नाव-पत्ता छापावा लागतो. त्यामुळे रस्त्यात पडलेले कोणत्याही पक्षाचे पत्रक उचलून तू तळाशी बारीक अक्षरांत आपल्या छापखान्याचे नाव शोधत असायचीस, आणि सापडले की ते पत्रक घरी आणायचीस. तुझे वाचन त्यावरच पक्के झाले असे माईआत्या अजून सांगतात. त्या वर्षाचा हिशेब इतका छान दिसत होता की बाबांनी आणखी एक माणूस ठेवला. मग २००० साल आले. निवडणूक नाही, पत्रके नाहीत, हप्ता मात्र दर महिन्याच्या त्याच तारखेला. तो माझ्या पगारातून जात असे आणि त्या माणसाचा पगारही. बाबांनी त्याला काढले नाही. बांगड्यांचे तुला ठाऊक आहे.

हे सारे लिहिण्याचे कारण नव्हते. तू म्हणशील की माझा मिनी ऑफसेट नाही आणि माझ्यावर कर्ज नाही, आणि ते अगदी बरोबर आहे.

तरी आकडे मांडते, कारण ते तू मागितले आहेस. महिन्याला ६०,००० रुपये हाती यावेत असे धरले तर वर्षाचे ७,२०,००० होतात; एका ग्राहकाचे ४९९ प्रमाणे, खर्च शून्य धरूनही, १,४४३ ग्राहक लागतात. प्रत्येकाला स्वतःचे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतंत्र पत्ता, किमतीतच द्यायचे म्हणशील तर ते वर्षाला काही शे रुपये खाईल आणि सारा हिशेब कोसळेल, म्हणून ते वेगळे ठेव. उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, परंतु त्यापुढे याच ४९९ मधून १८ टक्के द्यायचे झाले तर तुझ्या हाती ४२३ च उरतात. आता शंभरातले चाळीस ग्राहक पुढच्या वर्षी परत आले असे समज. तेवढ्याच जागेवर उभे राहण्यासाठी तुला वर्षाला सुमारे ८६६ नवे ग्राहक आणावे लागतील, म्हणजे रविवार धरूनही रोज दोनाहून अधिक. तुझ्या तक्त्यात शंभरातले ऐंशी परत येतात. हा ऐंशीचा आकडा कशावरून घेतला हे मी शोधत राहिले. ‘पैसे आपोआप कापले जातील’ हे त्याचे उत्तर असेल तर लक्षात ठेव, की रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला २४ तास आधी जाते. ज्याला पान विसरायला झाले आहे त्याला ती सूचनाच आठवण करून देईल, आणि तो बंद करील. ते योग्यही आहे. विसराळूपणावर चालणारा धंदा तू करू नयेस.

रोज दोन दुकाने चढणे तुझ्या स्वभावात नाही. हे टोचून लिहीत नाही; माझ्याही नव्हते. म्हणून मला वाटते की दुकानदाराला विकूच नकोस, त्याला जो आज कार्ड आणि फलक करून देतो त्या डीटीपीवाल्याला विक. तासगाव, विटा, जत, कोणत्याही तालुक्याच्या गावी असा एक माणूस संगणक घेऊन बसलेला असतो. दुकानाचे नाव ऱ्हस्व-दीर्घासह त्याने आधीच टाइप केलेले असते, फोटो त्याच्याकडे असतात, दुकानदार अडला की फोन त्यालाच करतो. त्याला पन्नास पानांचा एकगठ्ठा दर दे आणि दुकानदाराकडून किती घ्यायचे ते त्याचे त्याला ठरवू दे. तुला हजारभर ग्राहकांऐवजी तीस सांभाळावे लागतील. लग्नाच्या पत्रिकेचे पानही तोच विकेल. मात्र तिथे वर्षाची वर्गणी ठेवू नकोस, एकरकमी घे आणि तीन महिन्यांनी पान उतरव.

एक गोष्ट मात्र बँकेतली म्हणून ठासून सांगते. पान फुकट प्रसिद्ध करता येते म्हटले की केवायसी अद्ययावत करा म्हणणारी खोटी बँक तिथे हजर होते. आमच्या शाखेत पेन्शन गेलेली माणसे मी समोर बसलेली पाहिली आहेत. असे एक पान तुझ्या नावाखाली सापडले आणि ब्राउझरने तुझ्या डोमेनवरच धोक्याची लाल पाटी लावली, तर प्रामाणिक खानावळवाल्याचे पानही तिच्यामागे जाते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवावी लागते. तू एकटी, रात्रीचे दोन वाजलेले, आणि आधीच झोप कमी झालेली. म्हणून फुकट योजना नको, फोन नंबर पडताळल्याशिवाय पान नको, ग्राहकांची पाने आणि तुझे स्वतःचे संकेतस्थळ एकाच डोमेनवर नको, आणि दूध वेळेवर घेत जा, चहावर राहू नकोस. हे व्याख्यान झाले. वरची चारही ‘नको’ तुला आधीच सुचलेली असतील. माफ कर आणि पुढे वाच.

मंजुरी माझ्या हातात नाही आणि असती तरी मी प्रस्ताव फेटाळला नसता. अटींवर पुढे पाठवला असता. अट एकच. परत कोण येते हे पाहायला वर्ष लागते आणि तेवढे थांबायची तुझी तयारी नाही, हे मला कळते. तर मग पहिल्या तीस जणांना वर्षाचे नको, तीन-तीन महिन्यांचे विक, १४९ रुपयांनी, आणि पैसे आपोआप वळते करून घेऊ नकोस. प्रत्येकाला नव्याने द्यावे लागू देत. नोकरी चालू असतानाच हे होईल. तीन महिन्यांनी तीसपैकी किती जणांनी स्वतःहून दिले ते तुझ्या समोर येईल. त्यात बिलबुकवाले कोण आणि कार्डवाले कोण हेही दिसेल. आकडा वीसच्या पुढे गेला तर राजीनामा दे. घरातून कोणी अडवणार नाही, आणि पहिले सहा महिने घरभाड्याची काळजी तू करायची नाहीस, असे बाबांनी लिहायला सांगितले आहे. मला विचारशील तर मी सहाऐवजी चार म्हणाले होते.

शेवटी तुझ्या ग्राहकांविषयी एक. ज्या १९९९ मध्ये बाबा मशीन पुसत होते त्याच वर्षी याहूने जिओसिटीज सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना घेतले, आणि २००९ मध्ये लाखो लोकांची घरगुती पाने उतरवून ते बंद केले. तू बंद केलेस तर खानावळवाल्याने आपले पान कुठे आणि कसे न्यायचे, याचे एक कलम आताच लिहून ठेव. ते प्रस्तावात नाही.

बाबांची साखर ठीक आहे. दादाचा फोन येत असतो. त्याला अजून काही सांगितलेले नाही, तूच सांग.

तुझी,
आई

ता. क. तासगावच्या डीटीपीवाल्या काकांशी बाबा परस्पर बोलून बसले आहेत. रागावू नकोस. ते म्हणतात, तीन पाने करून पाहतो, एक रोपवाटिकेचे, एक खानावळीचे आणि एक पॅथॉलॉजी लॅबचे. परंतु फुकट नको, बिल द्या. बिलावर छापायला धंद्याचे नाव लागेल, ते लवकर ठरव. आणि तो ऐंशीचा आकडा कुठून आला, तेही जमल्यास कळव.