तळावरच्या बायकांसाठी आठ संडास : गावकऱ्यांना आवाहन

समस्त गावकरी, ऊसकरी मंडळी आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला असलेली आपली माणसं, सगळ्यांना महिला ग्रामसंघाचा नमस्कार.

दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतील. धारूर, वडवणी, पाथर्डीकडून पोरंबाळं, शेरडं-कोंबड्या घेऊन येतील आणि ओढ्याकाठच्या तळावर पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतील. गेल्या हंगामात 32 कोप्या होत्या. त्या माणसांनी आपला ऊस तोडला, आणि त्यांच्या बायकांना परसाकडेला जायला आपण एक आडोसा दिला नाही.

संक्रांतीला आम्ही चौघीजणी तिळगूळ घेऊन तळावर गेलो होतो. एका बाईला विचारलं, तुम्ही जाता कुठं? ती म्हणाली, "सुरुवातीला बरं असतंय ताई, रान भरलेलं असतंय. मग आमीच ऊस तोडतो अन् आमचाच आडोसा जातो." पहाटे तीनला, अंधार आहे तोवर जाऊन यायचं. नंतर पोटात कळ आली तरी रात्रीपर्यंत कळ काढायची. म्हणून फडात पाणीच प्यायचं नाही, भाकरीबरोबर दोन घोट तेवढे. त्यातून लघवीला जळजळ, अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं. दवाखान्यात जावं तर खाडा पडतो आणि तो उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशातून, वळता होतो. 2019 मध्ये सरकारी समितीसमोर आलेला आकडा सांगतो : बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. याला कारणं पुष्कळ आहेत, सगळं संडासावर ढकलायचं नाही. पण आपल्या हातातलं जे आहे ते एवढंच आहे.

यांतल्या कितीतरी जणींच्या गावाकडं संडास आहे. स्वच्छ भारतचे 12,000 रुपये मिळाले, संडास बांधला, आणि निम्मं वर्ष त्याला कुलूप. अनुदान घराला मिळतं आणि माणसं असतात आपल्या रानात! आपल्या वेशीवर मात्र हागणदारीमुक्त गावाची पाटी आहे. त्या पाटीसाठी गुड मॉर्निंग पथकात आम्हीही होतो, हे कबूल करायला हवं. टॉर्च आणि शिट्टी घेऊन ओढ्याकडं जायचो, तळावरच्या बायकांना अर्ध्यातून उठवायचो. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून फिरते संडास भाड्यानं आणले होते. "दिलं तरी ही माणसं वापरत नाहीत" असं जे चावडीवर बोललं जातं ते तेव्हापासून. खरं काय झालं? टाकी पंधरवड्यात भरली, मैला उपसायची गाडी वेळेवर आली नाही, पाणी दोनशे पावलांवर, आणि दाराला आतून कडी नव्हती. बिनकडीच्या संडासात आपल्यापैकी कोण जाईल? ती चूक आमच्या नियोजनाची होती.

यंदा पक्कं काम करायचं ठरलं आहे. आठ संडास आणि दोन न्हाण्या. जागा ओढ्याकाठची नाही. तिथं काळं रान, पाणी मुरत नाही, शिवाय विहीर जवळ. गायरानातल्या मुरमाड माळावर ग्रामपंचायतीनं जागा दाखवली आहे, तळापासून तीन-चार मिनिटांची वाट. प्रत्येक संडासाला दोन शोषखड्डे, जाळीदार विटांचे. एक भरला की चेंबरमधून वाट बदलायची आणि पहिला दीडेक वर्ष तसाच राहू द्यायचा. आतल्या मैल्याचं कोरडं, बिनवासाचं सोनखत होतं. टाकी नाही, उपसायची गाडी नाही, आत माणूस उतरवायची वेळ तर अजिबात नाही. भांडं जास्त उताराचं आणि कोंबडा, म्हणजे भांड्याखालची वाकडी नळी, लहान पाणीबंदाचा (वास अडवायला थोडंच पाणी साठणारा) घ्यायचा, म्हणजे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. घागरीनं पाणी वाहणाऱ्या बाईला हा फरक फार मोठा आहे. चार कोप्यांना एक संडास, त्याच्या किल्ल्या त्या चार घरच्या बायकांकडं. झाडलोट त्याच करतील. खराटा, ब्रश, फिनेल आपण द्यायचं. आतून कडी आणि सौर दिवा, याशिवाय काम पुरं झालं असं आम्ही धरणार नाही.

आता मागणं. ऊसकऱ्यांनी गेल्या हंगामात घातलेल्या उसावर टनामागे 5 रुपये द्यावेत. एकरी 40 टन निघाला असेल तर 200 रुपये होतात. गड्याची अर्ध्या दिवसाची हजेरीसुद्धा नाही. ज्यांचा ऊस नाही त्यांनी विटा, वाळू, जुने चांगले पत्रे, लोखंडी दार, जे असेल ते द्यावं. गवंड्यांनी दोन-दोन दिवस द्यावेत. पुण्या-मुंबईकरांनी एकेका संडासाचं भांडं, कोंबडा आणि पाईप अंगावर घ्यावं. भिंतीवर नाव मात्र कुणाचंही लागणार नाही. पैसे ग्रामसंघाच्या बँक खात्यावरच भरावेत, पावती घ्यावी. जमाखर्च दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जाईल. कुणी रोख दिले तर दोघींच्या सह्यांशिवाय आम्ही घेणार नाही.

खड्ड्यांचं काम गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला सुरू होईल. पितृपंधरवड्यात नवं काम कसं काढायचं, असं दोघातिघांनी विचारलं. घटस्थापनेपर्यंत थांबलो तर टोळ्या येईपर्यंत भिंती वाळणार नाहीत, आणि संडासाच्या खड्ड्याला कुणाचे पितर आडवे येतील असं वाटत नाही. टिकाव-खोरं ज्याचं त्यानं आणावं. चहा आणि दुपारची पिठलं-भाकरी ग्रामसंघाकडं.