‘वतां’ म्हणून गेलीस

फोंडा,
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. मनाली हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बॉक्सिंगच्या सरावाचा व्हिडिओ मिळाला. सोबत एक शब्द लिहिला नाहीस, तरी पाठवलास हे पुष्कळ झालं. आई आत भांडी घासत होती म्हणून आवाज बंद करून पाहिला. नंतर परत पाहिला. आतापर्यंत किती वेळा ते सांगत नाही, हसशील.

फोनवर आपण कोकणीत भांडतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून मराठीत पत्र लिहितोय. हेही अर्ध्यावर ठेवलंस तरी मला कळणार नाही, एवढं बरं आहे.

मडगावला गोवा एक्सप्रेस सुटताना तू ‘वतां’, जाते, म्हणालीस. ‘येतां’, येते, नाही. आजी असती तर तुला गाडीतून उतरवून पाणी पाजून परत पाठवली असती. मी नुसता हात हलवत राहिलो.

चूक माझी होती. चवथीच्या दिवसांत, पाहुण्यांदेखत, ‘पुरे झालं, आता घरी ये’ असं म्हणायला नको होतं. काकीचं तोंड तुला ठाऊक आहे, तिने तुझ्या डाव्या डोळ्याची चर्चा सुरू केली आणि मी तिच्यावरचा राग तुझ्यावर काढला. पण अगो, डोळ्याचं मला काही नव्हतं. सूज उतरते. गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपाऱ्यांचे घड बांधून तू स्टुलावरून उतरलीस आणि खांबाला धरून डोळे मिटून उभी राहिलीस. विचारलं तर म्हणालीस, ऊन लागलं. घरात? कसलं ऊन?

डोकं दुखतं का अजून?

हे या पत्रात विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो. असो. व्हिडिओबद्दल लिहितो.

जॅब, तो डाव्या हाताचा सरळ ठोसा, सुरेख जातो तुझा. खांदा हनुवटीला झाकतो, मूठ शेवटच्या क्षणी वळते, सगळं जिथल्या तिथे. पण परतताना तो हात गालावर येत नाही, छातीशी येतो. वाटेत दम खायला थांबल्यासारखा. तेवढ्यात ती हरयाणवी पोर वरून उजवा घालते. पहिल्या राउंडमध्ये चार वेळा, चारही वेळा तोच. डावा डोळा कसा काळा झाला ते तेव्हा कळलं. दुसरं, तू सरळ रेषेत मागे जातेस, पाठीला दोरी लागेपर्यंत. २६ वर्षं कदंबची बस चालवली मी, आरशात न बघता रिव्हर्स घेणारा मला लगेच कळतो. दोन पावलं मागे झाली की बाजूला निघावं.

तुझे सर हेच सांगत असतील आणि मी सांगितलं की तुला राग येतो. माझा अधिकार काय? सोळा औंसांचे तुझे ग्लोव्हज एकदा उन्हात घालताना हातात चढवून बघितले, तेवढाच.

पण चूक दाखवल्यावर कसं वाटतं, ते मला माहीत आहे. जत्रेच्या नाटकात तीन वर्षं तालीम मास्तर मला सांगत होते, तू वाक्याचा शेवट गिळतोस. मला वाटायचं, यांचा माझ्यावर डूख आहे, यांना राजाचं काम दुसऱ्याला द्यायचंय. मग एकाने टेपरेकॉर्डर आणला. ऐकतो तर शेवटचा शब्द खरंच नाही! महाराज ‘त्या शत्रूला मी...’ म्हणतात आणि शत्रूचं पुढे काय होणार ते तिसऱ्या रांगेलाही कळत नाही. त्यानंतर मास्तरांनी माझं उभं राहणं, हातवारे, सगळं सोडून दिलं आणि महिनाभर तेवढी एकच गोष्ट धरली.

तू पण एकच धर. जोडीदारणीला सांग, दोन आठवडे फक्त जॅबचा खेळ, अर्ध्या जोराने, आणि माझा हात खाली आला की त्याच जागी टिचकी मारल्यासारखा मार. संपल्यावर ‘कसं झालं?’ विचारू नकोस, त्यावर सगळे ‘मस्त’ म्हणतात. ‘तुला मोकळी जागा कुठे दिसली?’ असं विचार. मग सांगतील. आणि सांगताना मध्ये ‘पण’ घालू नकोस, तुला सवय आहे. माझ्याकडूनच आली असणार.

झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर.

तू चौदाची असताना गच्चीवर मी खराट्यातला हीर घेऊन उभा राहायचो, आठवतं? हात खाली आला की गालावर हीर. भजनाच्या ठेक्यात मोजायचो आणि तू सम चुकवायचीस, मुद्दाम. आई खालून ओरडायची, पोरीला मारतोस की शिकवतोस. तेव्हा आपण हसायचो. आता तो प्रश्न मला रात्री ऐकू येतो.

इथल्या डॉक्टरांना विचारून आलो, तुझं नाव न घेता. डोक्यावर घालता त्या हेडगार्डने कातडी फुटत नाही, सूज कमी येते, पण आत मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच म्हणाले. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतून २०१३ पासून ते काढूनच टाकलं, तुम्हा मुलींना ठेवलं. आणि मी दुकानातलं सगळ्यात महागडं घेऊन निश्चिंत झालो होतो. तेव्हापासून सुका नारळ कानाशी धरून हलवायचंच सोडलंय. आत गोटा वाजला की कसंसंच होतं. मेंदू काही तसा सुटा नसतो, कळतं मला.

डोक्याच्या माराने लढत थांबली तर निदान ३० दिवस खेळायचं नाही, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर ९०, हा नियम तूच मला सांगितला होतास. पण तिथे रेफरी असतो, डॉक्टर असतो, वहीत नोंद होते. सरावातलं कोण लिहिणार? आमच्या तालमीत तलवारी लाकडाच्या असायच्या. प्रयोगालाही लाकडाच्याच होत्या म्हणा. डोकं दुखत असताना परत लागलं तर ते पहिल्यापेक्षा वाईट, एवढं लक्षात ठेव आणि सरांना सांग. जागा जाईल म्हणून गप्प बसली असशील, तर जाऊ दे जागा.

२०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा नाक्यावर चार माणसांत मी बोलून बसलो, पुढच्या वेळी आमची मनाली बघा. अजून विचारतात. तू नव्हतीस तिथे, तू कुणाला शब्द दिलेला नाहीस. तो माझा मी निस्तरेन.

‘घरी ये’ म्हणालो ते मागे घेतो. पूर्ण नाही घेता येत, अर्धं घेतो.

आईने नेवऱ्यांचा डबा पाठवलाय. तुझ्या वजनाचं तिला समजावलं, ऐकत नाही. दोन खा, बाकीच्या मुलींना वाट. त्या हरयाणवी पोरीलाही दे. खांबापाशी तू उभी होतीस ते आईला सांगितलेलं नाही. तू मला सांगेपर्यंत सांगणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. दुसऱ्या राउंडच्या शेवटी डावा हात तीनदा परत गालावर आला. तीनदा. मोजलं मी.