भिकनला पत्र : ठिबकचा फिल्टर तळ्याला का चालला नाही

धुळे, १८ मे

प्रिय भिकन,

रामराम. तुझ्या पत्राला महिना झाला नि माझ्याकडून एक ओळ गेली नाही, याची खरंच लाज वाटते. परवा वहिनींचा फोन आला. पहाटे तळ्यात नऊ मासे उलटे तरंगत होते आणि तू दिवसभर जेवला नाहीस, म्हणाल्या. माशांसाठी एवढं काय, असं त्यांनी विचारलं. मला ते विचारायची गरज नाही. इकडे सगळं ठीक, गुडघा आहे तसाच.

तळ्याला केळीच्या ठिबकचा डिस्क फिल्टर लावला होतास, दर दोन दिवसांनी धूत होतास. 'पाणी गाळून राहिलो ना मी,' हेच म्हणशील. भाऊ, मेहनत कमी पडली नाही, फिल्टरची जात चुकली. ठिबकचा फिल्टर ड्रिपर बुजू नयेत म्हणून कचरा अडवतो, बस. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. तो पाण्यात विरघळलेला, कुठल्या चाळणीत अडकणार? त्याला जिवाणूच लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया नि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणवनस्पती उचलतात. हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, त्यांना वाहतं पाणी आणि ऑक्सिजन हवा. तळ्याचा फिल्टर म्हणजे त्यांचं घर. शेडमधल्या वाळूच्या फिल्टरटाकीचाही मोह धरू नकोस. विष्ठेने वाळूचे गठ्ठे होतात, पाणी एकाच वाटेने निसटतं नि बाकीची वाळू आतून कुजते.

पहाटेच का गेले, तेही सांगतो. हिरवं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री घेतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यात २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. आपल्याकडचा मे, वर रात्रभर लाइट गेलेली.

आता मापं. तुझं तळं १० बाय ६ फूट, अडीच फूट खोल: १५० घनफूट, म्हणजे सव्वाचार हजार लिटर. गोल्डफिशला दोन तासांत एकदा सगळं पाणी फिल्टरमधून गेलं पाहिजे, तासाला २१०० लिटर. कोई मासे आणणार असशील तर तासालाच एकदा. पंपाच्या फलकावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. यावरून विहिरीच्या मोटारीच्या वेळी आपण आठ दिवस बोललो नव्हतो, आठवतं? या वेळी ऐक. ताशी ४००० लिटरचा, साडेतीन मीटरपर्यंत चढवणारा पंप घे. चार फूट वर चढवताना त्यातलं अर्धं-पाऊण पाणी मिळतं. मग वरच्या पाइपाच्या तोंडाशी २० लिटरची बादली लाव. ती ३० सेकंदांत भरली तर ताशी २४०० लिटर, काम झालं. असा पंप ४० वॉटच्या आसपासचा असेल तर दिवसाला एक युनिट. शेतातली एक एचपीची मोटर लावलीस तर अठरा! पंपाच्या तोंडाला स्पंज बांध, नाहीतर डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आत ओढले जातील. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय पाण्यात वायर टाकू नकोस, हे माझ्यासाठी कर.

दुकानदार बंद झाकणाचा प्रेशर फिल्टर दाखवेल. दिसायला सुंदर, पण भारनियमनात आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरतात नि लाइट आली की तेच सडकं पाणी तळ्यात येतं. तुला २०० लिटरचं उघडं टिपाडच बरं. पंपाचा एक इंची पाइप तळाशी सोड, पाणी खालून वर चढू दे. खाली वीतभर जागा मोकळी, गाळ बसायला. तिथेच दीड इंची बॉल व्हॉल्व्ह, आठवड्याला उघडून गाळ सोडायचा. त्यावर जाळी, मग जाड स्पंज, वर प्लास्टिकचं बायोमीडिया, म्हणजे जिवाणूंना चिकटायला तुकडे. ते महाग वाटलं तर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या भर, साबण लागलेल्या नकोत. खडी नको, ती जड, जागा कमी देते नि चोंदते. वरून परतीचा पाइप दोन इंची पाहिजे, कारण परतताना दाब नसतो. तो लहान ठेवलास तर टिपाड अंगणात वाहील.

आणि स्पंज नळाखाली धुऊ नकोस! क्लोरीनने जिवाणू मरतात. तळ्याच्याच बादलीभर पाण्यात पिळ, बायोमीडियाला हात लावू नकोस. वसाहत बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर दोन-तीनच मासे, चिमूटभर खाद्य नि अमोनियाची चाचणी. बोअरचं पाणी घालतोस, त्याचा पीएच चढा असेल आणि वर ही उष्णता, तर अमोनियाचा विषारी वाटा वाढतो, म्हणून यात घाई नको.

हिरव्या पाण्याला ११ ते १८ वॉटचा यूव्ही (अतिनील) दिवा पुरेल. तरंगतं शेवाळ त्याने जातं, तंतूसारखं चिकटणारं जात नाही. वर्षाने दिवा बदल, पेटलेला दिसला तरी जोर गेलेला असतो. काचेच्या नळीवर क्षार बसले की व्हिनेगरने पूस, नाहीतर उजेडच पोचत नाही. पण आधी सावली कर. केळीला झळा लागू नयेत म्हणून कडेने शेवरी लावतोस, तशी तळ्याच्या पश्चिमेला ५० टक्क्यांची शेडनेट बांध.

बाळीचा निकाल कधी? केळीला भाव काय मिळाला, ते बापूंना विचारून कळव. आक्कांना नमस्कार.

इन्व्हर्टरवर पाच-सात वॉटचा हवेचा पंप मात्र आजच लाव, टिपाड नंतर आण. उरलेल्या माशांना या आठवड्यात तोच वाचवेल.

तुझा,
सुभाष